तोल गेला की दारूच का?

मुकुंदवाडीतल्या एका रिक्षावाल्या दादांना सकाळी एकाचे दोन दिसू लागले. जीभ जड झाली, अर्धा चेहरा बधिर, चालताना तोल जाऊ लागला. इस्पितळात पहिला प्रश्न आला, “किती घेतली?” वहिनी रडून सांगत होत्या, हे दारूला शिवत नाहीत. वस्तीचं नाव ऐकून असे प्रश्न येतात, हे आम्ही नोकरीत असताना पाहिलं, आजही पाहतो. चार तास बाकड्यावर गेले. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला तेव्हा कळलं, मेंदूच्या देठात रक्तस्राव झालाय.

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा हा भाग अंगठ्याएवढा. श्वास, गिळणं, डोळे फिरवणं, शुद्ध, सगळ्याच्या तारा इथून जातात. त्यात काहींना पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्यांचा, तुतीच्या फळासारखा घोस असतो. त्याला कॅव्हर्नोमा म्हणतात. साधारण दोनशे माणसांत एकाच्या मेंदूत तो कुठेतरी असतो आणि बहुतेकांना त्रासही देत नाही. देठातला मात्र थोडा पाझरला तरी माणूस आडवा होतो. सीटी स्कॅनमध्ये तो निसटू शकतो, अँजिओग्राफीत सहसा दिसत नाही. एमआरआयच लागतो.

निदान झाल्यावर घरात दोन सल्ले आले. एक म्हणाला, बाहेरचं आहे, देवऋषीकडे न्या. दुसरा म्हणाला, प्लॉट विका, उद्याच ऑपरेशन करा. पहिल्याबद्दल या मासिकाच्या वाचकांना काय सांगायचं! दुसऱ्याबद्दल सांगायला हवं. पहिल्या रक्तस्रावानंतर डॉक्टर पुष्कळदा थांबतात, लक्ष ठेवतात. पुन्हा रक्तस्रावाची भीती पहिली दोन वर्षं जास्त असते. रक्तस्राव वारंवार होत असेल, रुग्ण खालावत असेल आणि घोस देठाच्या पृष्ठभागाशी आलेला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तो खोल असेल तर चाकू चांगल्या भागातून न्यावा लागतो. गोळीने तो विरघळत नाही. किरणोपचाराबद्दल डॉक्टरांतच एकमत नाही. म्हणून सर्जनना विचारा: घोस पृष्ठभागाला लागलाय का? देठातली अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत? विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. प्लॉटचा सौदा करण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राला गाठा.

आता नर्स म्हणून थोडं. अशा रुग्णाला आडवं ठेवून पाणी पाजू नका. गिळण्याची ताकद गेलेली असते, पाणी फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. गिळणं तपासून होईपर्यंत तोंडाने काही नाही. नळी घातली म्हणून घाबरू नका. एक डोळा मिटत नसेल तर सांगितलेले थेंब घाला, रात्री पापणी हलक्या पट्टीने मिटवा, नाहीतर बुबुळाला जखम होते. दोन दिसत असतील तर एक डोळा झाकून बराच आराम पडतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. घरात आणखी कुणाला असाच घोस किंवा फिट्स असतील तर तेही सांगा. काही कुटुंबांत हा आजार आनुवंशिक असतो आणि मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते.

दादांचं ऑपरेशन झालं नाही. तीन महिने व्यायाम करून ते काठीशिवाय चालतात, रिक्षा मात्र सध्या भाचा चालवतो. अपघात विभागात दारूचं विचारू नये असं आमचं म्हणणं नाही. आधी डोळे फिरवून पाहा, चेहरा पाहा, हातपाय उचलायला लावा. त्याला पाच मिनिटं लागतात. मग खुशाल विचारा.