मक्याच्या लाह्या आणि मक्तेदारी

अंधेरी-बोरिवलीत किंवा घाटकोपर-मुलुंडमध्ये चार माणसांच्या कुटुंबाने चित्रपट पाहण्यास जाणे ही आता सणासुदीची बाब झाली आहे. तिकिटांचा भार एकवेळ सोसता येतो. परंतु मध्यंतरात मुलांच्या हाती लाह्यांचा पुडा आणि थंड पेयाचा पेला द्यायचा, तर खिसा दुसऱ्यांदा रिकामा करावा लागतो. घरचा डबा दारावरच अडविला जातो. ही सुखवस्तूंची कुरकुर आहे असे मानून डाव्या चळवळीने या प्रश्नाकडे आजवर पाठ फिरवली. भाकरीचा प्रश्न सुटला नसताना लाह्यांचा विचार कशाला, असा हा युक्तिवाद आहे. तो अपुरा आहे.

फुरसत ही श्रमिकांनी लढून मिळविलेली वस्तू आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० साली रविवारची सुटी मिळविली, ती केवळ थकलेले शरीर दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी ताजे करण्याकरिता नव्हे. माणसाला बायकामुलांसमवेत काही तास माणसासारखे घालविता यावेत, हा त्या मागणीचा गाभा होता. ती सुटी कागदावर शाबूत राहिली आणि ती घालविण्याची प्रत्येक जागा पैसेवाल्यांच्या ताब्यात गेली, तर मिळविलेला हक्क मागल्या दाराने हिरावला गेला असेच म्हणावे लागेल.

हे भाव चढतात कसे, ते पाहू. तिकिटाच्या उत्पन्नात चित्रपटगृहाच्या मालकाला वितरकाशी वाटणी करावी लागते; पहिल्या आठवड्यात तर जवळजवळ निम्मा वाटा वितरकाकडे जातो. खाद्यपेयांच्या उत्पन्नात मात्र वाटेकरी कोणी नाही. म्हणून पडद्यापेक्षा फराळाच्या खिडकीवर मालकाचे लक्ष अधिक असते. देशातील सर्वांत मोठ्या साखळीने २०२३-२४ या वर्षासाठी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार सरासरी तिकीट सुमारे २५९ रुपयांचे आणि माणशी खाद्यपेयांची विक्री सुमारे १३२ रुपयांची होती. म्हणजे तिकिटाच्या निम्म्याहून अधिक रक्कम फराळावर खर्च झाली, आणि काहीच न घेणारे प्रेक्षकही या सरासरीत मोजलेले आहेत.

यावर भांडवलशाहीच्या भाटांचे उत्तर ठरलेले आहे: परवडत नसेल तर जाऊ नका, बाजारात स्पर्धा आहे. कोठे आहे ही स्पर्धा? उपनगरांत पसरलेली फेम ही साखळी २०१० साली आयनॉक्सच्या ताब्यात गेली. सिनेमॅक्स २०१२ साली पीव्हीआरने विकत घेतली. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पीव्हीआर व आयनॉक्स या दोघी एक झाल्या. या विलीनीकरणाविरुद्ध आलेली तक्रार स्पर्धा आयोगाने २०२२ मध्येच फेटाळून लावली होती. अंधेरीचे नवरंग, घाटकोपरचे ओडियन, मुलुंडचे मेहुल, बोरिवलीचे अजंता ही नावे जुन्या उपनगरवासीयांना आठवतात. त्या पिढीच्या चित्रपटगृहांत बाल्कनीच्या खाली बसणाऱ्यासही जागा होती. आज उपनगरातला प्रेक्षक एका मॉलमधून उठून दुसऱ्यात गेला, तरी गल्ला बहुधा एकाच मालकाचा असतो.

शिवाय दार बंद झाल्यावर, तीन तास आत असलेल्या माणसापुढे बाजार नसतोच. तेथे एकच विक्रेता असतो. अशा कोंडलेल्या ग्राहकाच्या बाबतीत भाव विक्रेत्याच्या मर्जीवर सोडू नये, हे तत्त्व नवे नाही. अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची सक्ती करण्याचा अधिकार १९४८ च्या कारखाना अधिनियमाने राज्यांना दिला, आणि तेथील पदार्थ ना-नफा तत्त्वावर द्यावेत असे नियम झाले. पाळीवर असलेला कामगार चार पैसे स्वस्त चहासाठी फाटकाबाहेर जाऊ शकत नाही, हे कायद्याने ओळखले होते. मग त्याच कामगाराच्या फुरसतीच्या तासांना हा न्याय का नाही?

दुसरा युक्तिवाद खासगी मालमत्तेचा. जागा आमची, नियम आमचे! परंतु ही जागा उभी राहिली कोणाच्या पैशावर? महाराष्ट्र शासनाने २००१ साली बहुपडदा चित्रपटगृहांना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्कात पूर्ण माफी आणि पुढील दोन वर्षे केवळ पाव शुल्क अशी खिरापत वाटली. त्या माफीने प्रेक्षकाचे तिकीट स्वस्त झाले नाही. सरकारी तिजोरीत जाणारी रक्कम मालकांच्या खिशात राहिली. जनतेच्या कराच्या पैशावर ज्यांचे बारसे झाले, त्यांनी जनतेला खासगी मालमत्तेचे पाठ द्यावेत, हा उद्दामपणा आहे.

आणि शासन? जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी, बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास कायद्याने बंदी नाही, असे सांगितले व प्रेक्षकांना आश्वासन दिले. पुढच्याच महिन्यात त्याच शासनाने मुंबई उच्च न्यायालयात सुरक्षेची सबब पुढे करून हस्तक्षेपाची गरज नसल्याचे प्रतिज्ञापत्र दिले. सभागृहात जनतेची बाजू आणि न्यायालयात मालकांची! पोळीभाजीच्या डब्याने सुरक्षा धोक्यात येते, आणि तोच पदार्थ आतल्या खिडकीवर दसपट भावाने घेतला की ती अबाधित राहते, हे तर्कशास्त्र सचिवालयातच शिकविले जात असावे.

३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या प्रकरणात मालकांच्या बाजूने निकाल दिला. पिण्याचे पाणी विनामूल्य द्यावे आणि तान्ह्या मुलांचे अन्न नेऊ द्यावे, एवढाच दिलासा प्रेक्षकाच्या पदरी पडला. प्रेक्षकाने जिलेबी खाऊन खुर्चीला बोटे पुसली तर काय, असाही प्रश्न त्या सुनावणीत निघाला. जणू काही आत विकल्या जाणाऱ्या पदार्थांनी बोटे कधी चिकट होतच नाहीत! परंतु त्या निकालाचे मर्म बारकाईने पाहावे. नियमांत तरतूद नसताना उच्च न्यायालयाने तसा आदेश द्यावयास नको होता, असे तेथे म्हटले आहे. तरतूद नसेल तर ती करणे हे शासनाचे काम आहे. तमिळनाडूत तिकिटांचे कमाल दर राज्य सरकार ठरविते. कर्नाटकाने २०२५ साली दोनशे रुपयांची मर्यादा घातली. उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली खरी, परंतु तेथील शासनाने निदान लढण्याची इच्छा दाखविली. महाराष्ट्राने तेवढेही केले नाही.

उपाहारगृहांची गोष्ट निराळी नाही. बिलात परस्पर चढविलेले सेवाशुल्क सक्तीने घेता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले. तरी ते काढावयास लावताना ग्राहकालाच संकोच वाटतो. त्या सेवाशुल्कातला किती हिस्सा रात्री अकरापर्यंत टेबले पुसणाऱ्या पोऱ्याच्या हाती पडतो, हे विचारणारा कोणी नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर पाच टक्क्यांवर आणला; त्यावरील तिकिटांवर अठरा टक्के कायम आहेत. मुंबईच्या उपनगरांत शंभरांच्या आतले तिकीट शोधावे लागते. म्हणजे कामगाराची करमणूक सरकारदरबारी चैन ठरली आहे.

मागण्या साध्या आहेत. चित्रपटगृहाच्या परवान्यातच घरचे अन्न नेण्याची मुभा, दर्शनी जागी मोफत पाणी आणि बांधीव मालाची छापील किमतीने विक्री या अटी घालाव्यात. महापालिकेने बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे उभारली. त्याच धर्तीवर प्रत्येक विभागात स्वस्त सार्वजनिक चित्रपटगृह व ना-नफा उपाहारगृह उभारावे.

हे मागून मिळणार नाही. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते यांनी हजारो गृहिणींच्या हाती लाटणी देऊन मंत्र्यांना जाब विचारला. पक्षभेद त्यांच्या आड आले नाहीत. तेव्हा प्रश्न तेल, रॉकेल आणि धान्याचा होता. आज तेही प्रश्न आहेत आणि त्यांच्या जोडीला हिरावलेल्या रविवारचाही आहे. उपनगरांतील ग्राहक संघटना, महिला मंडळे आणि कामगार संघटना यांनी हा प्रश्न हाती घ्यावा. ज्या वर्गाने रविवार मिळविला, त्यालाच तो राखावा लागेल.