बांबूच्या पोटातले रसायन

गोंडपिपरी तालुक्यातल्या माणसाला बांबू काय ते शिकवायला नको. सूप, टोपले, ताटवा सारे त्याचेच. आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारे बांबूचे ट्रक आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिले.

पण कागदाला बांबूतला फक्त धागा लागतो. बाकीचा बराच भाग शिजवताना काळ्या पाण्यात विरघळतो आणि ते पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. हिशेबाच्या माणसाला हे खटकते. एवढा माल जळणाच्या खात्यावर!

त्या मालात साखरेच्या जातीचा एक पदार्थ असतो. आम्ल आणि उष्णता मिळाली की त्यातले पाणी सुटते आणि फुरफुराल नावाचे रसायन तयार होते. वंगणतेल शुद्ध करायला, ओतकामाच्या साच्यातली वाळू बांधणारी राळ करायला ते लागते. अमेरिकेत १९२२ पासून ते ओट धान्याच्या टरफलांतून काढत आले.

इथे आम्ल हे उत्प्रेरक. शब्द अवघड, काम ओळखीचे. डालडा करताना तेल घट्ट होते ते निकेल धातूमुळे. मागाहून निकेल गाळून काढतात. सोयरीक जुळवणारा मामा लग्न लावून देतो, नांदायला थोडाच जातो!

आसामात नुमालीगढला असा कारखाना उभा राहिला. १४ सप्टेंबर २०२५ ला त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला ५ लाख टन हिरवा बांबू घेऊन सुमारे ४९ हजार टन इथेनॉल, १९ हजार टन फुरफुराल आणि ११ हजार टन अॅसेटिक आम्ल काढायचे, अशी त्याची क्षमता. बांबू फोडायला तिथे फॉर्मिक आम्ल वापरतात. लाल मुंगी चावल्यावर आग होते ना, तेच.

उद्या आपल्याकडे असे काही आले तर माझा पहिला प्रश्न रसायनाचा नसेल. बांबू कोणाच्या नावावर, हा असेल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. तेव्हापासून ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली. त्याआधी कापणाऱ्याच्या वाट्याला फक्त मजुरी.

आपल्या गावाचा दावा कुठवर आला, हे वनहक्क समितीला विचारा. कागदाची प्रत मागून घ्या. वाचून उमगले नाही तर रविवारी सकाळी मी घरीच असतो.