मॅनिफोल्डला ठिगळ नको
मंडळी, हापूसचा सीझन आला की जुनी पिकअप आठवते, तिचा फुटका मॅनिफोल्ड मात्र नाही. ‘मार वेल्डिंग, चालतंय!’ अहो, तो बिडाचा असतो. नीट तापवल्याशिवाय मारलेलं वेल्डिंग पुन्हा तडकतं. धूर केबिनमध्ये शिरतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. परशुराम घाटात ड्रायव्हरला गुंगी आली तर पेट्या वाशीला पोचतील?

मॅनिफोल्ड बदलाच. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री तेल मारा, गॅस्केट नवीनच टाका, मधून कडेकडे आवळा. इंजिन तापून थंड झालं की परत आवळा. खारी हवा नि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही.

कलमांची फवारणी चुकवत नाही ना? मग माल नेणारी गाडीच का उपाशी?