धोका टळला, तरी अलार्म वाजतोच



आपल्या उज्जैनहून भोपाळ जेमतेम दोनशे किलोमीटर. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसं गेली. वाचलेल्यांचे डोळे आणि फुप्फुसं तपासली जात होती. मनाकडे लक्ष जायला वेळ लागला. पुढे गॅसग्रस्त वस्त्यांतल्या दवाखान्यांत ८५५ रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा पाचांत एकाहून जास्त जणांना मानसिक आजार आढळला. मग बेंगळुरूच्या निमहान्सचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यांतल्या साध्या डॉक्टरांनाच हा त्रास ओळखायला शिकवलं.

हा त्रास शरीरातूनच बोलतो. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग म्हणजे आपला अलार्म. धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, स्नायू ताठतात. जीव वाचवायला हे हवंच. धोका टळल्यावर बहुतेकांचा अलार्म हळूहळू शांत होतो. काहींचा होत नाही. मग एखादा वास, आवाज किंवा नुसती तारीखही पुरते. झोप उडते, वाईट स्वप्नं पडतात, माणूस जरा खुट्ट झालं तरी दचकतो, चिडतो, त्या जागेचं नावही टाळतो. कधी अगदी गप्प होतो. महिन्याहून जास्त काळ हे चाललं आणि रोजचं जगणं अडू लागलं, तर तो पीटीएसडी असू शकतो. हे नाव वैद्यकशास्त्रात १९८० मध्ये आलं, त्रास मात्र जुनाच.

अपघात, पूर, घरातली मारहाण, कोरोनातला अतिदक्षता विभाग, कशानंतरही असं होऊ शकतं. आपल्या घरात मात्र पटकन म्हटलं जातं, "किती वर्षं झाली, आता विसरा की!" विसरणं त्यांच्या हातात असतं, तर ते केव्हाच विसरले असते.

म्हणून आपण तरुणांनी काय करायचं? खोदून खोदून विचारायचं नाही. त्यांना बोलायचं असेल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून ऐकायचं. जेवणाच्या-झोपेच्या वेळा सांभाळायच्या. दारू किंवा मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या हा उपाय नाही. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी, अनेक वर्षांनंतरही फरक पडतो. सरकारची टेलि मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर रात्रंदिवस मोफत आहे. नंबर आत्ताच सेव्ह करा, आणि घरच्या ज्येष्ठांच्या फोनमध्येही करून द्या.