प्रोग्रॅमिंगचा तास विद्यार्थ्यांच्या हाती द्या

विद्यापीठातला प्रोग्रॅमिंगचा अभ्यासक्रम बदलायचा विषय काढला की तीन आक्षेप हमखास येतात. मुलांकडून वर्गातच काम करून घेत बसलो तर सिलॅबस कधी संपवायचा? ज्याला जमायचे त्याला जमते, बाकीच्यांपुढे कितीही डोकेफोड करा. आणि आता व्हिडिओ, चॅटजीपीटी सगळे हाताशी आहे, मुले आपापली शिकतील. हे आक्षेप घेणारे बहुतेक शिक्षक तळमळीचे असतात, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे.

आधी सिलॅबस. २००१ मध्ये मायकेल मॅकक्रॅकन आणि सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना साध्या कॅल्क्युलेटरचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला. प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे सगळ्यांचे झाले होते. तरी ११० पैकी सरासरी गुण पडले २२.८९. शिकवून झाले म्हणजे शिकून झाले, हा हिशेब तिथेच चुकला. वर्ग मोठा असल्याची सबबही टिकत नाही. आयआयटी मुंबईत काहीशे विद्यार्थ्यांच्या वर्गात आधी एकट्याने, मग जोडीने आणि शेवटी सगळ्यांनी मिळून विचार करण्याची पद्धत वापरली गेली. २०१३ च्या त्या अभ्यासात ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले.

‘जमते त्यालाच जमते’ हा आक्षेप जास्त घातक आहे, कारण त्यामुळे नापासाचे सगळे खापर मुलांवर फुटते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिओ पोर्टर आणि सहकाऱ्यांनी संगणकशास्त्राच्या चार कोर्सेसचे दहा वर्षांचे निकाल तपासले. व्याख्यानाऐवजी प्रश्न, मतदान आणि आपसांतली चर्चा आली, तिथे नापासांचे सरासरी प्रमाण २० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरले. पद्धत बदलल्याने एवढा फरक पडत असेल, तर उपजत बुद्धीला दोष देणे अन्यायाचे आहे.

राहिली साधने. पहिल्या वर्षाचे बहुतेक प्रोग्रॅम चॅटजीपीटी क्षणात लिहून देते, पण तयार प्रोग्रॅम मिळणे म्हणजे शिकणे नव्हे. त्यामुळे सीनियरच्या फाइलवरून उतरवलेली जर्नल, आउटपुटचा प्रिंटआउट आणि त्यावरचे टर्मवर्कचे गुण यांतून विद्यार्थ्याला काय येते ते मुळीच कळत नाही.

मग करायचे काय? समजा, ‘अ’ या व्हेरिएबलमध्ये ५ आहे, ‘ब’मध्ये ७. पहिली ओळ ‘अ = ब’, दुसरी ‘ब = अ’. शेवटी कशात काय उरले? हा प्रश्न पडद्यावर टाका आणि मोबाइलवर मते घ्या. किमतींची अदलाबदल झाली, असे म्हणणारे पुष्कळ निघतील. उत्तर न सांगता शेजाऱ्याला पटवून द्यायला लावा, पुन्हा मते घ्या, मग ‘पायथॉन ट्यूटर’ या संकेतस्थळावर एकेक ओळ चालवून दाखवा. पहिल्याच ओळीत ‘अ’मधले ५ पुसले जातात आणि दोन्हीकडे ७ उरतात, हे मुले डोळ्यांनी पाहतील. अदलाबदलीला तिसरे व्हेरिएबल कशाला लागते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. व्याख्यान व्हिडिओवर घरी जाऊ द्या. लॅबमध्ये जोडीने काम द्या, उलटसुलट केलेल्या ओळी क्रमाने लावायला द्या. साधनाची जागा इथे, विचाराच्या सोबतीला. जर्नलचे गुण कमी करून, स्वतःच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलून दाखवणे आणि का बदलली ते सांगणे यासाठी ठेवा.

याला कष्ट आहेत. चांगला प्रश्न तयार करायला व्याख्यानापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि विद्यापीठांनी तो वेळ शिक्षकाच्या कार्यभारात धरलाच पाहिजे. सुरुवातीला मुलेही कुरकुरतील. हार्वर्डमधल्या २०१९ च्या अभ्यासात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी अशा वर्गात जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. हे त्यांना पहिल्याच तासाला सांगून टाका.

अभ्यास मंडळांवरच्या प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे: पुढच्या सिलॅबसमध्ये नवी भाषा घालण्याआधी तासाची आणि गुणांची मांडणी बदला.