काळ्या पडद्याची कैफियत

आमचे पुतणे दिवाळीला पुण्याहून अंबाजोगाईस आले आणि माझ्या संगणकाचा काळा पडदा पाहून हसले. "काका, अजून हुकूम टाइप करता? मग माउस कशाला आहे?" तेव्हा मी चकलीवर समाधान मानले. आज उत्तर देतो.

आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबापांबरोबर पोरे फडावर गेली की त्यांची शाळा बुडालीच. त्यांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे असतात. निघणाऱ्या घरांतल्या मुलांची यादी एक, वसतिगृहात नाव घातलेल्यांची दुसरी. पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, ते पोर उद्या ट्रकात!

मी निवृत्त मास्तर. गेल्या वर्षी ३१ गावांच्या याद्या माझ्यापुढे आल्या. दोन दिवस माउस फिरवला. डोळे गेले आणि नावेही निसटली. अखेर गाव आणि शाळेचा रजिस्टर नंबर एवढेच धरले आणि दोन हुकूम दिले. 'सॉर्ट'ने याद्या क्रमाने लावल्या, 'कॉम'ने दोन्ही ताडून राहिलेली मुले काढून दिली. ट्रक सुटण्याआधी आम्ही त्या घरांच्या उंबऱ्यावर होतो.

धारूरच्या एका गुरुजींना तीच ओळ मी फोनवर अक्षर अक्षर सांगितली. त्यांनी वहीत उतरवली. यंदाही तीच चालली. चित्रांवर बोट ठेवण्याची विद्या अशी फोनवर सांगून पाहा! शिवाय ती बटणे दर नव्या आवृत्तीत बिऱ्हाड बदलतात.

हे जुनेपणाचे वेड नव्हे. एका हुकुमाचे उत्तर दुसऱ्याच्या ओंजळीत घालणारी उभी रेघ 'युनिक्स'मध्ये १९७३ साली आली. ती आजही तेच काम करते. खिडक्यांचे साम्राज्य उभारणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेही २०१६ साली 'लिनक्स'चे हुकूम आपल्या घरात घेतले. आणि आजचे कृत्रिम बुद्धीचे मदतनीस? प्रोग्राम लिहिताना तेही हेच हुकूम चालवतात!

काळा पडदा निर्दय आहे, हे कबूल. 'आरएम' म्हटले की फाइल पुसली जाते, बहुधा "नक्की ना?" असेही कोणी विचारत नाही. चित्र काढायला, फोटो पाहायला माउसच बरा. पण जे काम शंभरदा करायचे, दुसऱ्याला शिकवायचे आणि चुकले तर कुठे चुकले ते तपासायचे, ते लिहूनच करावे.

तेव्हा पुतणेबुवा, खुशाल हसा. पण जाण्यापूर्वी ती एक ओळ वहीत उतरवून घ्या. पुढच्या हंगामात माझे डोळे साथ देतीलच असे नाही. याद्या मात्र येणारच आहेत.