पडला तर काय?

या अंकासोबतचं साहस मोरगावात घडतं. साल १७६३. निजामाच्या फौजेने पुणं लुटून जाळलं, त्याची धग लोकांच्या बोलण्यात अजून आहे. ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला त्याचा हिशेबही चुकता झाला आहे. आता भाद्रपदातल्या यात्रेसाठी चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी कऱ्हेकाठी येते आहे. त्या गर्दीत एक लखोटा या हातातून त्या हातात जाणार आहे आणि खेळाडूंनी तो मधेच गाठायचा आहे. छापण्याआधी ज्यांनी हे साहस खेळून पाहिलं त्यांचा प्रश्न एकच होता: देवळाचा तट चढायला डीसी (वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा) किती धरायचा?

डीसीचं नंतर पाहू. फासा उलटा पडला तर पुढे काय होणार, हे ठरलंय का?

तट चांगला ५० फुटांचा, चारही कोपऱ्यांना मिनार. खेळाडू म्हणतो, मागच्या बाजूने चढतो. फासा पडतो ७. जीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, नाही जमलं. "मग परत चढतो." १२. "परत." १७, चढला! डीसी १५ असेल आणि अंगी काही अधिक नसेल, तर एका फेकीत जमण्याची शक्यता ३० टक्के. तीन फेका दिल्या की ती ६६ टक्क्यांवर जाते. एक हरला की बाकीचे चौघे "मीही बघतो" म्हणत फासा उचलतात, तेव्हा पाचांत मिळून कुणाला तरी जमण्याची शक्यता ८३ टक्के. म्हणजे अवघड म्हणून ठेवलेला तट टेबलाने परस्पर सोपा करून टाकला आणि वर वेळही खाल्ला.

ल्यूक क्रेनच्या 'बर्निंग व्हील'मध्ये यावर सरळ उपाय आहे: फेक एकदाच, आणि परिस्थिती बदलेपर्यंत तीच कायम. 'कॉल ऑफ कथुलू'ची सातवी आवृत्ती जरा मोकळी आहे. तिथे दुसरी फेक मागता येते, पण आता वेगळं काय करणार ते खेळाडूने सांगायचं, आणि या वेळी हुकलं तर शिक्षा मोठी. आमचा कौल दुसऱ्या रीतीला. "दगडांच्या सांध्यात कट्यार रोवून चढतो," असं कुणी म्हणालं तर खुशाल चढू द्या. मात्र पातं मोडलं तर खणखणाट पहारेकऱ्याच्या कानी जाणार, हे फासा हातात असतानाच सांगा. गल्लीत गच्चीवर गेलेला चेंडू आउट की नाही, हे पहिला चेंडू टाकण्याआधीच ठरतं. चेंडू गेल्यावर ठरवायला बसलं की मारामारी.

याच्या उलट चूकही तितकीच होते. पाच जण दबक्या पावलांनी पहाऱ्याजवळून जाताहेत. प्रत्येकाला जमण्याची शक्यता ६० टक्के, म्हणजे तशी बरी. पण पाचही जणांना जमलंच पाहिजे असा हट्ट धरला की ती ८ टक्क्यांवर येते. जीएमला वाटतं आपण सोपं ठेवलंय आणि टोळी दर वेळी पकडली जाते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पुस्तकातला गट-चेक इथे वापरा: निम्म्यांना जमलं की सगळे सुटले. पाचांत तिघांना जमायला हवं, म्हणजे शक्यता ६८ टक्के. शिवाय तरबेज गडी धांदरटाला सांभाळून नेतो, हे कथेलाही धरून आहे.

आता नंदी. मोरगावला गेलेल्यांना तो ठाऊक असतो. महादेवासमोर असायचा तो इथे मयूरेश्वराकडे तोंड करून बसलेला. शिवमंदिरासाठी नेत असताना गाडा इथेच मोडला आणि नंदी काही केल्या हलेना, अशी कथा सांगतात. आमच्या साहसातली खूण याच नंदीपाशी आहे. खेळून पाहताना एका जीएमने इथे ज्ञानाचा चेक मागितला. पाचही जण नापास, आणि साहस नंदीसारखंच जागेवर बसलं. यात्रेतल्या कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं! रॉबिन लॉजच्या 'गमशू' पद्धतीत जिच्यावाचून कथा पुढे सरकत नाही ती खूण फाशावर सोडत नाहीत. ज्याच्याकडे ते कौशल्य आहे आणि जो योग्य जागी शोधतो, त्याला ती मिळतेच. फासा ठेवायचाच तर वरकड माहितीसाठी ठेवा.

राहिला विसाचा वाद. त्याच २०१४ च्या पुस्तकात २० पडला की हमखास यश, हा नियम हल्ल्यापुरता आहे, कौशल्याच्या चेकला नाही. तरी टेबलावर २० पडला की आरोळी उठते, आणि तो आनंद हिरावून घ्यायला आम्ही सांगणार नाही. "पालखीच्या मानकऱ्याला पटवतो, पालखी माझ्याच ताब्यात द्या," असं कुणी म्हणाला तर मात्र त्याच्या हाती फासाच देऊ नका. जे होणारच नाही त्याला पाच टक्के कशाला द्यायचे?

साहसात तटाच्या नोंदीपुढे डीसी मुद्दाम छापलेला नाही. तिथे चढताना हुकलं तर होऊ शकतील अशा तीन गोष्टी दिल्या आहेत. त्यातली एक निवडा, खेळाडूंना सांगा, मग आकडा तुमच्या टोळीच्या कुवतीप्रमाणे ठरवा. तुमच्या टेबलावरचे असे घरचे नियम आम्हाला जरूर पाठवा. नियम दोन ओळींत बसावा, आणि कुठल्या प्रसंगामुळे तो करावा लागला तेही लिहा. निवडक नियम पुढच्या अंकात छापू.